गाडी दारात उभी आन् तो माणूस निघतच नव्हता.. १०८ मधला हा माणूस नेमका कोण असतो?

कपाशीवाला
मागच्या आषाढातली गोष्ट आहे, लिहीन लिहीन म्हणत राहून गेली. परवा आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकानं टाकलं की १०८ वाले म्हणजे नुसते हमाल, पेशंट उचलायचा आन् दवाखान्यात टाकायचा, ते वाचलं आन् डोकंच फिरलं, म्हणून आज बसलोच लिहायला.

आमची मोठी माय, वय सदुसष्ट. लाईन गेली होती, उकाडा लय, म्हणून ती खाटेवरून उठून खाली सतरंजीवर झोपली. रात्री दोन अडीचला उठली, पोट दुखून राहिलं म्हणे. आम्ही म्हटलं रात्रीची झुणका भाकर बाधली असन, इनो दिला, झोप म्हटलं. चारच्या सुमाराले पाहतो तर तिच्या पापण्याच उचलेनात, बोलणं जड, थुंकी गिळता येईना. चुलत भावानं टॉर्च मारला तर संदुकीच्या बुडाले मण्यार, काळाभोर, अंगावर पांढरे पट्टे. अंगावर चावल्याची खूण आम्हाला शोधूनही सापडली नाही.

१०८ लावला. गाडी पस्तीस मिनिटात आली, आमच्या भागाच्या मानानं लवकरच म्हणा. आता इथून पुढं ऐका. मागं जो माणूस होता तो उतरला, मायकडं पाहिलं, मशिननं तिच्या तोंडातली लाळ ओढून काढली, ढिली झालेली कवळी काढून माह्या शर्टाच्या खिशात टाकली, तोंडावर मास्क दाबला आन् तो रबरी फुगा दाबत बसला. ओसरीतच. गाडी चालू, मागचं दार उघडं, आन् हा काही उठेना! पाच मिनिटं झाली, दहा झाली. गाव जमा झालेलं, सगळे ओरडून राहिले की काढ ना बे गाडी, मारतो का म्हातारीले इथंच. मी तर सरळ त्याची कॉलर धरली. त्यानं मान वर केली नाही, एवढंच म्हणाला, "कॉलर सोडा आन् पाय धरा, आता स्ट्रेचरवर घ्यायचं आहे."

मग गाडीत यवतमाळपर्यंत तो फुगा दाबत होता. मधे हात भरून आले त्याचे, तर मले शिकवलं, मी म्हणंन तवा दाबा, जास्त जोरात नका दाबू. वाटेतल्या सरकारी दवाखान्यात सापाचं औषध चालू केलं, पुढं मेडिकल कॉलेजात माय चार दिवस व्हेंटिलेटरवर होती. आज ठणठणीत आहे, सुनांवर ओरडते.

तर मले विचारायचं हे की हा माणूस कोण? डॉक्टर म्हणावं, कंपाउंडर म्हणावं का पॅरामेडिक म्हणतात तो हा? आन् तो थांबला काहून होता?

पारावरचा
माय वाचली हे लय चांगलं झालं भाऊ. पण तुमचं नशीब म्हणा. आमच्या इकडं फोन लावला की पहिले पाच मिनिटं तालुका सांगा, गाव सांगा, जवळची खूण सांगा, आन् मग म्हणते गाडी दुसऱ्या केसवर आहे. आमच्या भाच्याले शेवटी मालवाहू पिकअपमधी नेला, मागं ताडपत्रीवर. काय पॅरामेडिक न् काय!

दवाखान्यातली ताई
१९ वर्षं झाली मला ग्रामीण भागात नर्सिंग करून. पहिले शब्दाचा घोळ काढू. आपल्याकडे पॅरामेडिकल म्हटलं की लॅबवाला, एक्सरेवाला, ओटी टेक्निशियन, फार्मासिस्ट, सगळे एकाच टोपलीत. पॅरामेडिक हा त्यातला एकच, ज्याचं काम दवाखान्याच्या बाहेर. रस्त्यावर, वावरात, घरात, चालत्या गाडीत. आमच्या वॉर्डात ऑक्सिजन भिंतीतून येतो, लाईट असते, हाक मारली की चौघं धावतात. त्याच्याजवळ काय, एक सिलिंडर, एक बॅग, आणि तुमच्यासारखे कॉलर धरणारे नातेवाईक 😄

आणखी एक, तो पेशंट आमच्या हाती देताना जे सांगतो त्याला फार किंमत असते. किती वाजता चावलं, पापण्या कधी पडल्या, श्वास कधी मंदावला, वाटेत काय दिलं. पिकअपमधून आलेल्या पेशंटबरोबर दहा माणसं असतात आणि दहा वेळा सांगतात, पण वेळ एकालाही माहीत नसते.

एकशेआठवाला
सहा वर्षं मी त्याच खुर्चीत बसलो आहे, आता माझं स्वतःचं क्लिनिक आहे, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

कपाशीवाले दादा, तुमच्या घरी आला तो बहुतेक डॉक्टरच होता. महाराष्ट्रात १०८ सुरू झाली २०१४ मध्ये, सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ एएलएस म्हणजे व्हेंटिलेटर, हृदयाला शॉक द्यायचं मशीन वगैरे असलेल्या, आणि बाकीच्या ७०४ बीएलएस म्हणजे साध्या सोयीच्या. आपल्या राज्यानं तेव्हाच ठरवलं की मागे डॉक्टर बसवायचा. म्हणून गाडीत आमच्यासारखे बीएएमएस, बीएचएमएस झालेले, त्यांना इमर्जन्सीचं वेगळं ट्रेनिंग दिलेलं, आणि समोर ड्रायव्हर, ज्याला आम्ही पायलट म्हणतो. म्हणजे पदवीनं डॉक्टर पण काम शंभर टक्के पॅरामेडिकचं.

आता थांबला का ते सांगतो. मण्यारीचं विष नसांवर जातं. दुखत नाही, सूज नाही, खूणही बऱ्याचदा दिसत नाही. पोटात दुखणं, मग पापण्या, मग घसा, मग छातीचे स्नायू. माणूस विषानं थेट मरत नाही हो, श्वास घ्यायचे स्नायू लुळे पडतात म्हणून मरतो. हृदय चालू असतं, पुष्कळदा आतून शुद्धही असते, फक्त भाता बंद पडतो. त्या वेळी बाहेरून कोणी भाता चालवत राहिला तर माणूस तासन्‌तास, दिवसेंदिवस तगतो, म्हणूनच चार दिवस व्हेंटिलेटर.

आणि तो फुगा दाबणं वाटतं तितकं सोपं नाही. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे, हनुवटी उचलून धरली पाहिजे, नाहीतर हवा बाजूनं निघून जाते नाहीतर पोटात जाते. आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. लाळेनं घसा भरलेला पेशंट तसाच गाडीत टाकून खड्ड्यातून पळवला असता तर पहिल्या फाट्याच्या आत संपलं असतं. त्यानं आधी घसा साफ केला, बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा वर येऊ दिला आणि मग उचललं. ती दहा मिनिटं वाया नाही गेली, तिथंच उपचार झाला.

उलटं पण आहे. पोटात मार लागून आतून रक्त वाहत असेल तर मी एक मिनिट थांबणार नाही. बाहेरचं रक्त दाबून धरलं, मान बांधली, की सुटलो, बाकीचं सगळं गाडीत. कारण ते रक्त थांबवायला ऑपरेशनच लागतं, रस्त्यावर माझ्या बापाच्यानं होणार नाही. कुठं थांबायचं आणि कुठं पळायचं हे दारातून आत येताना दोन मिनिटांत ठरवावं लागतं, समोर गाव ओरडत असताना. या नोकरीतलं खरं शिकलेपण तेच. सलाईन लावायला काय, कोणीही शिकतं.

पारावरचा
हे समजलं डॉक्टर. पण गाडीच आली नाही तर थांबायचं का पळायचं?

एकशेआठवाला
रास्त आहे तुमचा राग, मी नाकारत नाही. एक गाडी, चाळीस पन्नास गावं, त्यात एक गेली डिलिव्हरी घेऊन जिल्ह्याला की अडीच तास ती नाहीच. डिलिव्हरीसाठी १०२ वेगळी आहे पण लोक दोन्हीकडे फोन लावतात. मी रात्री तीनला एका गावात गेलो, फोनवर छातीत दुखते सांगितलं होतं, तर म्हणे उद्या तालुक्याला डोळ्याचं दाखवायचं आहे, आत्ताच सोडून द्या!!

आणि तालुका का विचारतात त्यावर चिडू नका. फोन पुण्याला जातो. तिथल्या पोरीला पिंपळगाव म्हटलं तर या राज्यात किती पिंपळगाव, किती सावरगाव, किती वडगाव. जिल्हा, तालुका, मग गाव, मग फाट्यावर कोणती खूण, या क्रमानं सांगा, अर्ध्या मिनिटात होतं. आणि एका पोट्ट्याला मोटरसायकल घेऊन फाट्यावर उभा करा, लाईट चालू ठेवून. पावसाळ्यात गाडी पांदणीत घालू नका म्हणावं, काळ्या मातीत एकदा फसली की ट्रॅक्टर शोधण्यात पेशंट जातो. पेशंटला बाजेवर टाकून डांबरीपर्यंत आणा.

सिरोंचाकर
आमच्याकडं गंमत वेगळी, नदी ओलांडली की तेलंगण. पाहुणे सगळे तिकडं. तिकडच्या १०८ मध्ये डॉक्टर नसतो, ईएमटी म्हणजे इमर्जन्सीचं ट्रेनिंग घेतलेला टेक्निशियन असतो, तो फोनवर सेंटरमधल्या डॉक्टरला विचारून औषध देतो. ही सेवा पहिल्यांदा सुरूच मुळात हैदराबादला झाली, १५ ऑगस्ट २००५. माझ्या साळ्याला अॅटॅक आला तवा त्या ईएमटी पोरानं सगळं केलं, वय असन चोवीस पंचवीस. मले तर काही फरक वाटला नाही बा. रोज तेच करतो त्याचा हात बसलेला असतो.

वऱ्हाडी पण सायबाच्या देशात
मूळ पुसदचा, इंग्लंडमध्ये हॉस्पिटलात आयटीचं काम करतो, त्यामुळे रोज यांना पाहतो. इकडे पॅरामेडिक हा शब्द कायद्यानं राखीव आहे, नोंदणी असल्याशिवाय कोणी स्वतःला पॅरामेडिक म्हणवून घेऊ शकत नाही, गुन्हा आहे तो. डिग्री करून येतात. ईसीजी स्वतः वाचतात, शिरेतून औषधं देतात, गरज असली तर शॉक देतात, आणि अमुक पेशंटला दवाखान्यात न्यायची गरजच नाही हेही ठरवतात. आपल्याकडे शेवटचं केलं तर मार खाईल बिचारा.

पण फ्रान्स जर्मनीत गाडीबरोबर डॉक्टर पाठवायची पद्धत आहे, म्हणजे महाराष्ट्र काही जगावेगळं करत नाहीये.

जुनी पोथी
थोडं पुराण सांगतो, कंटाळा आला तर पुढं सरका. १९६६ च्या सुमारास बेलफास्टमध्ये पँट्रिज नावाच्या हृदयाच्या डॉक्टरानं गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारं शॉकचं मशीन अॅम्ब्युलन्समध्ये चढवलं, वजन सत्तर किलोच्या आसपास, म्हणजे एका पोत्याएवढं! त्याचं म्हणणं साधं होतं, अॅटॅकची माणसं दवाखान्यात पोचायच्या आधीच मरून राहिलीत तर आपणच तिथं जाऊ.

आणि अमेरिकेत पिट्सबर्गला त्या काळी आजारी माणसाला न्यायला कोण यायचं माहीत आहे का? पोलिसांची गाडी, नाहीतर मयत नेणाऱ्यांची शववाहिका. म्हणजे आपल्या पिकअपपेक्षा काही बरं नाही. तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या काळ्या लोकांच्या वस्तीत १९६७ मध्ये फ्रीडम हाऊस नावाची अॅम्ब्युलन्स सेवा निघाली, पीटर साफर या डॉक्टरानं वस्तीतल्याच बेरोजगार पोरांना भरपूर ट्रेनिंग दिलं. हा साफर म्हणजे सीपीआर, छाती दाबून आणि तोंडानं श्वास देऊन जीव तगवायची पद्धत, ती बसवणाऱ्यांपैकी एक. ज्यांना शहर कामाला लावायला तयार नव्हतं ती पोरं अमेरिकेतल्या पहिल्या पॅरामेडिकांमध्ये मोजली जातात. पुढं १९७५ मध्ये शहरानं स्वतःची सेवा काढली आणि यांची बंद पडली, ते राजकारण वेगळं. मला एवढंच दिसतं की शिकवली ती वस्तीतलीच पोरं, मेडिकल कॉलेजातून कोणी आणावं लागलं नाही.

पारावरचा
पोथी भाऊ हे बेस सांगितलं. आमच्या पारावर अशी तीस पोट्टे रिकामी बसून आहेत, मी धरून.

हायवेवरचा ढाबा
समृद्धीचं सोडा, आमचा जुना रस्ता आहे, आठवड्याला एक तरी अपघात ढाब्यासमोर. लोक काय करतात, चार जण धावतात, एक खांद्याले धरतो, एक तंगड्याले, आन् खसकन् ओढतात. मान मोडली असली तर तिथंच कायमचा लुळा. एकदा १०८ वाल्या मॅडमनं आमच्या वेटरले अर्धा तास शिकवलं होतं की माणूस जळत्या गाडीत नसन तर हलवू नको, डोकं दोन्ही हातानं स्थिर धर, रक्त वाहतं तिथं स्वच्छ कापड दाबून धर आन् सोडून सोडून पाहू नको. श्वासच नसन तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाले शंभर ते एकशेवीस वेळा दाब, पाच सेंटिमीटर तरी छाती खाली गेली पाहिजे. त्या वेटरनं दोन वेळा केलं, एक वाचला.

आन् पोलिसाची भीती धरू नका. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं आन् २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत कलम १३४अ आलं, मदत करणाऱ्याले नाव सांगायची सुद्धा बळजबरी करता येत नाही.

कपाशीवाला
ढाबेवाले भाऊ हे कलम छापून लावा ढाब्यावर.

फवारणीच्या दिवसाचं कोणी सांगितलं नाही. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं किती शेतकरी आन् मजूर गेले, आमच्या शेजारच्या गावचा एक होता, चक्कर आली म्हणून झाडाखाली झोपवला होता दोन तास.

एकशेआठवाला
त्या वर्षी मी गाडीवरच होतो. विसरत नाही. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तोंडाला फेस, घामानं निथळलेला, छातीत खरखर, हे दिसलं की फवारणीची बरीच औषधं ज्या ऑर्गनोफॉस्फेट गटातली असतात त्याची विषबाधा समजायची. त्यावर उतारा म्हणून अॅट्रोपिनचं इंजेक्शन लागतं, आणि ते एकदा देऊन भागत नाही, छाती मोकळी होईपर्यंत देत राहावं लागतं. पण त्याच्याही आधी कपडे काढा हो! अंगावरचा शर्ट औषधानं भिजलेला, तो तसाच घालून माणूस गाडीत, म्हणजे विष आत चालूच. साबणपाण्यानं धुवा, आणि धुणाऱ्यानं हातात प्लास्टिकच्या पिशव्या का होईना घाला. दूध, ताक, मिठाचं पाणी काही पाजू नका, उलटी करवू नका. औषधाचा डबा सोबत द्या, लेबल फाटकं असलं तरी द्या.

दवाखान्यातली ताई
सापाबद्दल पण सांगून टाका डॉक्टर, इथं अर्धे लोक अजून दोरी बांधतात.

एकशेआठवाला
बांधू नका. कापू नका, चोखू नका. ज्या हातापायाला चावला तो फळी लावून हलू द्यायचा नाही, अंगठी कडं जोडवी काढून घ्या, पेशंटला चालवत आणू नका. परड म्हणजे घोणस चावली तर सूज येते, रक्त गोठत नाही, तिथं दोरी बांधली तर पाय जातो. साप मारून पिशवीत घालून आणू नका, एकानं आणलेला जिवंत निघाला माझ्या गाडीत, पायलट दरवाजा उघडून पळाला होता.

बारावीचा बाप
नमस्कार. पोरगं बारावी सायन्स, ६१ टक्के, नीट मध्ये काही लागणार नाही. तालुक्यात एक संस्था आहे, सहा महिन्यांचा पॅरामेडिकल कोर्स, फी साठ हजार, म्हणतात १०८ मध्ये हमखास नोकरी. करू का?

दवाखान्यातली ताई
काका, साठ हजार खिशातच ठेवा. एक तर वर सांगितलंच की आपल्या १०८ मध्ये मागं डॉक्टर बसतो, मग हमखास कोण देणार? दुसरं, त्या कोर्सचं नाव नीट विचारा, पॅरामेडिकल हा शब्द भेळेसारखा आहे, लॅबचा असेल, ड्रेसरचा असेल. केंद्रानं २०२१ मध्ये या सगळ्या व्यवसायांसाठी कायदा केलाय, त्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणजे पॅरामेडिक असं स्वतंत्र नाव दिलेलं आहे. विद्यापीठाची डिग्री किंवा मान्यता असलेला डिप्लोमा आहे का, कोणत्या दवाखान्यात प्रत्यक्ष काम करायला मिळेल, अॅम्ब्युलन्सवर किती ड्युट्या, हे लेखी मागा. लेखी म्हटलं की अर्धी दुकानं बंद होतात.

बारावीचा बाप
ताई उपकार झाले. उद्याच ॲडव्हान्स भरणार होतो.

वऱ्हाडी पण सायबाच्या देशात
काका, पोराला रक्त बघून चक्कर येत नाही ना हे पण विचारा 🙂 इकडे माझ्या ओळखीचे दोघं तिघं मधेच सोडून गेले, पाठदुखी आणि झोप. बारा तासांची ड्युटी, दुसऱ्या मजल्यावरून माणसं उतरवायची.

एकशेआठवाला
आणि मनाचं. लहान मूल विहिरीतून काढलेलं, सीपीआर करत तालुक्यापर्यंत आणलं, नाही आलं. गाडी धुतली, वीस मिनिटांनी पुढचा कॉल, त्या घरी बाळंतपण, सगळे हसतायत, तुम्हाला पेढा देतात. तो पेढा खाल्ला मी. त्यावर कोणी काही बोलत नाही आपल्याकडे, बोलायची सोयही नाही. असो.

कपाशीवाला
सगळ्यांचे आभार, लय माहिती निघाली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जिल्हा तालुका गाव आन् फाट्याची खूण ठळक लिहून घ्यायची असं सरपंचाशी बोललो, पेंटरचे पैसे कोण देणार यावर अडलंय, म्हणजे मीच देणार. मायले मच्छरदाणी आन् खाट पक्की केली, लाईन जावो न राहो.

आन् हो, वाचल्यावर मलाच राहवलं नाही, काल तालुक्याच्या दवाखान्यात गेलो, जिथं गाडी उभी असते. तो माणूस नव्हता, दुसऱ्या तालुक्यात बदली झाली म्हणे दिवाळीनंतर. पायलट तोच होता. मी आपलं सांगायला लागलो की दादा मागच्या आषाढात आमच्या गावी मण्यार चावलेली म्हातारी, तर त्यानं मधेच थांबवलं, "तुमी कॉलरवाले न?"

चहा प्यालो दोघं. पैसे त्यानंच दिले, मले देऊ देईना. त्या डॉक्टरचा नंबर दिला. अजून लावला नाही, काय बोलावं तेच सुचून नाही राहिलं.